एकल-दाता आरोग्यविमा आणि अमेरिकेतील कामगार संघटना

सर्व रहिवाशांचा वैद्यकीय खर्च एकाच सार्वजनिक निधीने भागवावा, अशी मागणी करणारा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कामगार चळवळीतील प्रवाह. सिंगल पेयर किंवा एकल-दाता व्यवस्थेत डॉक्टर व रुग्णालये खाजगी राहू शकतात. त्यांची बिले मात्र करांतून उभारलेला एकच निधी चुकती करतो. त्यामुळे ही व्यवस्था ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेपेक्षा कॅनडाच्या आरोग्यविम्याला अधिक जवळची आहे. भारतातील कर्मचारी राज्य विमा योजना (कायदा १९४८) या प्रकारात मोडत नाही, कारण तिचे संरक्षण ठराविक वेतनमर्यादेतील नोकरीशी बांधलेले असते.

चळवळीचा आरंभ नेमका कधी मानावा, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकन असोसिएशन फॉर लेबर लेजिस्लेशन या सुधारकांच्या संस्थेने १९१५ च्या सुमारास सक्तीच्या आरोग्यविम्याचे नमुना विधेयक तयार केले. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर (एएफएल) या कामगार महासंघाचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांनी त्याला कडवा विरोध केला. सरकारने दिलेले लाभ कामगारांना संघटनेपासून दूर नेतील, अशी त्यांची धारणा होती. न्यूयॉर्क राज्यातील कामगार महासंघाने मात्र विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये ते राज्याच्या सीनेटमध्ये मंजूरही झाले. कनिष्ठ सभागृहात ते अडले. ही विधेयके एकल-दाता स्वरूपाची नव्हती. म्हणून १९४३ च्या वॅग्नर–मरे–डिंगेल विधेयकापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वेतनावरील करातून देशव्यापी आरोग्यविमा उभारण्याच्या त्या प्रस्तावामागे त्या काळचे दोन्ही प्रतिस्पर्धी कामगार महासंघ, एएफएल व सीआयओ, उभे राहिले. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात हीच दिशा घेतली होती. डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तिला समाजवादी वैद्यक ठरवून मोठी प्रचारमोहीम चालवली आणि प्रस्ताव बारगळला.

अमेरिकी कामगाराचा विमा मालकाशी का जोडला गेला, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न. प्रचलित स्पष्टीकरण असे : १९४२ च्या कायद्याने युद्धकाळात वेतनवाढ गोठवली, विम्यासारखे लाभ मात्र त्यातून वगळले, मजूर टिकवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला आणि तीच प्रथा पडली. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. गटविमा त्याआधीपासून अस्तित्वात होता. १९२९ मध्ये डॅलस येथील बेलर रुग्णालयाने शिक्षकांसाठी वर्षाला सहा डॉलरमध्ये २१ दिवसांच्या रुग्णालयवासाची योजना सुरू केली होती आणि पुढील ब्लू क्रॉस या रुग्णालयविमा योजनांचे मूळ तिच्यात मानले जाते. शिवाय विम्याचा मोठा विस्तार युद्ध संपल्यानंतर झाला. दुसऱ्या मतानुसार निर्णायक ठरले ते १९४८–४९ मधील इनलँड स्टील व डब्ल्यू. डब्ल्यू. क्रॉस या कंपन्यांच्या प्रकरणांतील निर्णय. त्यांनी निवृत्तिवेतन व गटविमा हे सामूहिक वाटाघाटींचे बंधनकारक विषय ठरवले. ट्रूमन योजना त्याच सुमारास मागे पडत असल्याने संघटनांना हाच मार्ग मोकळा दिसला. १९५४ च्या महसूल संहितेने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून स्पष्टपणे वगळला आणि ही घडी पक्की केली. उपलब्ध पुराव्याशी हे दुसरे मत अधिक जुळते. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि युनायटेड ऑटो वर्कर्स ही मोटारकामगारांची संघटना यांच्यात झालेला पाच वर्षांचा करार, ज्याला ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणतात, त्यात कंपनीने विमाखर्चाचा निम्मा वाटा स्वीकारला.

या मार्गाची मर्यादा कोळसा खाणींत लवकर उघड झाली. जॉन एल. लुईस यांच्या खाण कामगार संघटनेने १९४६ मध्ये दर टन कोळशामागे पाच सेंट घेणारा कल्याण निधी मिळवला. त्यातून ॲपलाचियाच्या दुर्गम डोंगराळ भागात दहा रुग्णालये उभी राहिली. जिथे अपंग खाणकामगार वर्षानुवर्षे उपचारांविना पडून होते, तिथले हे काम खरोखर मोलाचे होते. पण निधी टनावर अवलंबून असल्याने कोळशाची मागणी घटताच तो आटला आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात रुग्णालये विकावी लागली.

१९६५ च्या मेडिकेअर कायद्यासाठी संयुक्त महासंघ एएफएल-सीआयओने बरीच वर्षे मोहीम चालवली होती. ६५ वर्षांवरील नागरिकांपुरती ती एकल-दाता तत्त्वाच्या जवळ जाणारी योजना होय. युनायटेड ऑटो वर्कर्सचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांनी १९६८ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याची मागणी पुढे आणली व त्यासाठी शंभर जणांची समिती स्थापन झाली. समितीची भूमिका काँग्रेस सदस्य एडवर्ड केनेडी व मार्था ग्रिफिथ्स यांच्या विधेयकात उतरली. रूथर मे १९७० मध्ये विमान अपघातात मरण पावले. १९७४ मध्ये केनेडी यांनी तडजोडीचे विधेयक आणले, तेव्हा अधिक चांगल्या कायद्याच्या आशेने संघटनांनी ते नाकारले. ती आशा फळली नाही.

पुढे लेबर पार्टी (१९९६) या संघटनाप्रणीत पक्षाने हा विषय लावून धरला. जॉन कॉन्यर्स यांनी २००३ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडलेल्या ६७६ क्रमांकाच्या एकल-दाता विधेयकाला अनेक स्थानिक संघटनांनी ठरावांद्वारे पाठिंबा दिला. २००९ मध्ये ‘लेबर कॅम्पेन फॉर सिंगल पेयर’ स्थापन झाली. त्याच वर्षी पिट्सबर्ग अधिवेशनात एएफएल-सीआयओने एकल-दाता व्यवस्थेच्या बाजूने ठराव केला. परिचारिकांची नॅशनल नर्सेस युनायटेड ही आजची सर्वांत ठाम समर्थक मानली जाते.

चळवळीतील मतभेद मुख्यतः भांडून मिळवलेल्या लाभांबद्दल आहेत. वेतनवाढ सोडून उत्तम विमा मिळवलेल्या सभासदांना तो सार्वजनिक योजनेत विलीन होण्याची भीती वाटते, आणि ती निराधार म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लास व्हेगासच्या हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने अध्यक्षपदाच्या उमेदवारीचे इच्छुक बर्नी सँडर्स यांच्या एकल-दाता योजनेमुळे आपला आरोग्यनिधी संपेल, असा इशारा दिला. तरीही कॅसिनोंत भरलेल्या पक्षाच्या उमेदवार-निवडीच्या बहुतेक मतदान-सभांमध्ये सँडर्स यांनाच आघाडी मिळाली. समर्थक त्याआधीच्या सप्टेंबरचे उदाहरण देतात : जनरल मोटर्समधील सुमारे ४८,००० कामगार संपावर गेल्यावर कंपनीने लगेच त्यांच्या विम्याचा खर्च थांबवला व टीकेनंतर तो पूर्ववत केला. ज्याच्याविरुद्ध संप करायचा त्याच्याच हाती घरातल्या आजारी माणसाचा उपचार, हा मालकाशी जोडलेल्या विम्याचा सर्वांत गंभीर दोष होय.

राज्यपातळीवर यश अद्याप नाही. व्हर्माँटने २०११ मध्ये कायदा केला, पण लागणाऱ्या करवाढीमुळे राज्यपालांनी डिसेंबर २०१४ मध्ये योजना सोडून दिली. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या पुढाकाराचे विधेयक २०१७ मध्ये सीनेटमध्ये संमत होऊन असेंब्लीत अडकले. २०२२ मध्ये दुसरे विधेयक मतदानालाच आले नाही. न्यूयॉर्कच्या अशाच विधेयकाला शहरातील काही मोठ्या सरकारी कर्मचारी संघटनांनी विरोध केला.