ड्राइव्ह बदलल्यानंतर लॉगइन न होणे

हार्ड डिस्क किंवा एसएसडी बदलल्यावर, नवी जोडल्यावर अथवा पार्टिशनची (डिस्कच्या पाडलेल्या भागांची) मांडणी फिरवल्यावर काही वेळा संगणक नीट सुरू होतो, पासवर्डही स्वीकारतो, पण डेस्कटॉप येण्याऐवजी लॉगइनचा पडदाच पुन्हा समोर येतो. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश दिसला असता. तो दिसत नाही, ही या बिघाडाची सर्वांत उपयुक्त खूण होय. संगणकाने माणूस ओळखलेला असतो, मात्र त्याच्या फाइली आणि सेटिंग्ज ज्या पत्त्यावर असायला हव्यात तो पत्ता त्याला सापडत नाही. म्हणूनच घाईने पासवर्ड बदलणे किंवा खाते पुसून नवे काढणे येथे निरुपयोगी असते, आणि खाते पुसताना फाइलीही जाण्याचा धोका असतो.

विंडोजमध्ये सी, डी ही अक्षरे पार्टिशनवर लिहिलेली नसतात. ती रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘माउंटेडडिव्हायसेस’ या कीमध्ये, म्हणजे नोंदींच्या कप्प्यात, नोंदलेली असतात, आणि एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कसाठी ही नोंद १२ बाइटची असते: ४ बाइट डिस्कच्या सिग्नेचरचे (ओळखक्रमांकाचे), ८ बाइट पार्टिशन कोठे सुरू होते त्याचे. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेऊन दोन्ही जोडलेल्या अवस्थेतच संगणक सुरू केला, तर ‘सी’ जुन्या डिस्ककडेच राहून नवीला दुसरे अक्षर मिळू शकते. विंडोज एक्सपीमध्ये याचा परिणाम ठळक दिसे. लॉगइननंतर चालणाऱ्या ‘यूझरइनिट’ या प्रोग्रॅमचा मार्ग ‘सी’ अक्षरासह नोंदलेला असल्याने तो सापडत नसे आणि लॉगइन होताक्षणी लॉगऑफ होई. प्रत घेतल्यानंतर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, हा नियम म्हणूनच आजही पाळावा.

वापरकर्त्याचे प्रोफाइल (त्याच्या फाइली व सेटिंग्जचे फोल्डर) दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले असेल आणि त्या ड्राइव्हचे अक्षर बदलले, तर विंडोज तात्पुरते प्रोफाइल उघडू शकते. डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि सगळे गेले असे वाटते, पण मूळ फोल्डर बहुधा जागेवरच असते. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काहीही साठवू नये, कारण लॉगऑफ होताच ते पुसले जाते. डिस्क मॅनेजमेंटमधून जुने अक्षर परत देऊन संगणक पुन्हा सुरू करणे हा पहिला उपाय. दुरुस्तीसाठी रिकव्हरी पर्यावरणातील कमांड प्रॉम्प्ट उघडल्यास तेथील अक्षरे नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात, त्यामुळे कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी फोल्डरची यादी पाहून ड्राइव्हची खात्री करावी.

बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क कूटबद्ध करणारे साधन चालू असल्यास बूट क्रमातील बदलामुळेही ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी ठेवूनच डिस्कला हात लावावा.

लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ ही फाइल कोणते पार्टिशन कोठे जोडायचे ते सांगते. तेथे पार्टिशन बहुधा यूयूआयडी या १२८ बिटांच्या ओळखक्रमांकाने नोंदलेले असते, आणि फॉरमॅट केल्यावर हा क्रमांक नवा होतो. सिस्टमडी हा सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम वापरणारी प्रणाली न सापडलेल्या पार्टिशनसाठी सामान्यतः ९० सेकंद थांबते आणि मग आपत्कालीन स्थितीत जाते. ‘नोफेल’ हा पर्याय लिहिलेला असेल, तर ती पुढे सरकते, पण वापरकर्त्याच्या फाइलींचे होम फोल्डर त्या पार्टिशनवर असेल, तर ते न मिळाल्यामुळे चित्रमय लॉगइन फिरून मागे येते. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी पडद्यावर लॉगइन करावे, ‘बीएलकेआयडी’ (blkid) या आज्ञेने खरे क्रमांक पाहावेत आणि ते एफएसटॅबशी ताडून पाहावेत.

क्रमांक जुळूनही लॉगइन होत नसेल, तर फाइलींची मालकी तपासावी. होम फोल्डर रूट या प्रशासकाच्या खात्यातून नव्या ड्राइव्हवर साध्या पद्धतीने कॉपी केले असेल, तर सर्व फाइलींची मालकी रूटकडे जाते, आणि वापरकर्त्याला स्वतःच्याच फोल्डरात लिहिता येत नाही. ‘चोन’ (chown) या आज्ञेने ती मालकी मूळ वापरकर्त्याला परत देता येते.