पैसे भरून काढलेलं पुस्तक आणि स्वतः प्रकाशित केलेलं पुस्तक

गेल्या महिन्यात आटपाडीहून एक मुलगा सांगलीला माझ्या घरी आला. पंचविशीतला. दिवसा ठिबक सिंचनाच्या दुकानात हिशेब लिहितो, रात्री रहस्यकथा. दोनशे पानांची कादंबरी पुरी झालेली. चहा यायच्या आतच त्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, एवढं एकदा बघा. उद्यापर्यंत निम्मे पैसे भरायचेत."

४८ हजारांचं पॅकेज होतं. त्यात मुखपृष्ठ, मांडणी, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, ऑनलाइन दुकानांत विक्री, 'शंभर टक्के रॉयल्टी' आणि लेखकाला २५ प्रती. हे नेमकं काय आहे असं तुला वाटतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पैसे मीच भरतोय म्हटल्यावर स्वप्रकाशनच झालं की."

हाच घोळ मी माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी घातला, आणि तो निस्तरायला मला चार वर्षं लागली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्हीकडे पैसे लेखकाच्याच खिशातून जातात. त्यामुळे पैसे कोण देतं यावरून फरक कळत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. बियाणं तुमचं, खत तुमचं, राबणं तुमचं आणि उतारा दुसऱ्याच्या नावावर, तर ऊस कारखान्याला कधी घालायचा हे तो दुसरा ठरवणार. पॅकेजमध्ये तुम्ही पैसे देऊन दुसऱ्याला प्रकाशक करता. स्वप्रकाशनात प्रकाशक तुम्ही असता आणि संपादक, चित्रकार, अक्षरजुळणीवाला, छापखाना यांना त्यांच्या कामाचे पैसे देता. काम झालं, बिल चुकतं केलं, त्यांचा पुस्तकाशी संबंध संपला.

घरातलं कुठलंही पुस्तक उघडा आणि शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचा. साधारण चौथं पान. © कोणाचं, प्रकाशक कोण, मुद्रक कोण, आवृत्ती कितवी, मूल्य किती, आणि आयएसबीएन. नवे लेखक © पुढे आपलं नाव दिसलं की निर्धास्त होतात. पण त्या पानावरची कामाची ओळ 'प्रकाशक' ही आहे.

इथे आणखी एक गैरसमज आड येतो. आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला, असं पुष्कळजण धरून चालतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो. आयएसबीएन हा १३ आकडी ओळखक्रमांक आहे, ९७८ ने सुरू होणारा, भारतात पुढे ८१ किंवा ९३. अमुक प्रकाशकाचं अमुक पुस्तक, एवढंच तो सांगतो. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही मागता येतो. पॅकेजच्या यादीत 'आयएसबीएन' म्हणून वेगळे पैसे लावलेले दिसले, तर ते कशाचे ते विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रमांकाच्या नोंदीत प्रकाशक म्हणून कोणाचं नाव जाणार ते विचारा. तिथे त्यांचं नाव असेल तर पुढे तुम्ही वेगळे झालात की तुमच्या आवृत्तीला नवा क्रमांक लागतो, आणि ऑनलाइन दुकानात जुन्या क्रमांकाखाली जमलेले वाचकांचे अभिप्राय जुन्या नोंदीवरच राहण्याची शक्यता असते.

माझं असंच झालं. पहिली कादंबरी मी दूरच्या शहरातल्या एका संस्थेकडून पैसे भरून काढून घेतली. पुस्तक देखणं झालं, प्रकाशन समारंभही झाला. तीन वर्षांनी दुसरी कादंबरी आली. त्याच गावातली, पहिलीतल्या दोन बहिणींपैकी धाकटीची. ती मी स्वतः छापली आणि संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात घेऊन गेले. कृष्णाकाठच्या गर्दीत एका टेबलाच्या कोपऱ्यावर पुस्तकं मांडली. दुपारपर्यंत १९ प्रती गेल्या, आणि घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी विचारलं, "थोरलीचं पुस्तक आहे का?" माझ्याकडे चार प्रती होत्या. फोन केला तर उत्तर आलं की पुनर्मुद्रणासाठी किमान १०० प्रतींचे पैसे आगाऊ भरा, आणि दुसरीकडे छापायचं असेल तर कराराची मुदत संपेपर्यंत थांबा. स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती मी छापील किमतीवर तीस टक्के सवलतीत विकत घेतल्या. वाचक समोर हात पुढे करून उभा होता आणि माझ्या हातात पुस्तक नव्हतं. ते अजून बोचतं.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला हे फार महागात पडतं, कारण आपली कमाई एका पुस्तकावर उभी राहत नाही. दुसरं पुस्तक पहिल्याला ओढतं, तिसरं दोघांना. वाचक पात्रांच्या मागून येतो. पाककृतीचं पुस्तक एकटं खपू शकतं. रहस्यकथेतला फौजदार वाचकाला आवडला, तर तो त्या फौजदाराची सगळी पुस्तकं मागतो. त्यातलं एक जरी दुसऱ्याच्या कुलपात असलं तरी माळ तुटते.

म्हणून करार वाचताना मी त्या मुलाला तीन ठिकाणी थांबवलं. 'कॉपीराइट लेखकाचाच राहील' हे वाक्य ठळक होतं. त्याच्या दोन कलमं खाली छापील, ई-पुस्तक, ऑडिओ आणि अनुवाद यांचा 'अनन्य परवाना', म्हणजे ते हक्क फक्त त्यांनीच वापरायचे, सात वर्षांसाठी दिला होता. मालकी तुमची आणि वहिवाट त्यांची. कायद्याने असे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. त्यामुळे मुदत किती, कोणत्या स्वरूपासाठी आणि करार मोडायची वाट कोणती, ही तीन उत्तरं कागदावर हवीत. तोंडी 'बघू की नंतर' चालत नाही.

मग 'शंभर टक्के रॉयल्टी'. आम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितलं. आकडे अंदाजाचे, पण रीत हीच. छापील किंमत २५०. मागणीनुसार एकेक प्रत छापायचा खर्च ११०. ऑनलाइन दुकानाचं कमिशन नि हाताळणी १००. उरले ४०, आणि त्या ४० चे शंभर टक्के तुमचे. आता स्वतः ३०० प्रती एकदम छापल्या आणि प्रत ८० रुपयांना पडली असं धरू. दुकानदाराने ४० टक्के घेतले तरी ७० उरतात. संमेलनात वीस टक्के सवलत देऊन हातोहात विकलं तर १२०. यातून संपादनाचा आणि मुखपृष्ठाचा खर्च निघायचा आहे, हे खरं. न खपलेले गठ्ठे पलंगाखाली राहतात, हेही खरं. पण पुढच्या छपाईचा निर्णय तुमच्या हातात राहतो.

तिसरी जागा कराराबाहेरची होती, आणि ती कोणी सांगत नाही. पुस्तकाची मूळ फाइल कोणाकडे राहणार? फक्त पीडीएफ घेऊन समाधान मानू नका. मांडणीची खुली, म्हणजे बदल करता येतील अशी, फाइल मागा आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे का ते बघा. आपल्याकडे पुष्कळ अक्षरजुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते. कागदावर ती सुरेख दिसते, पण ई-पुस्तक करायला घेतलं की मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. माझ्या पहिल्या कादंबरीत बदलानंतर रफार शेजारच्या अक्षरावर गेले आणि 'र्‍या' ची जागोजाग चिरफाड झाली. सगळी पानं पुन्हा तपासावी लागली. दुसऱ्या वेळी मी युनिकोडचा हट्ट धरला, आणि छापील प्रत आली त्याच आठवड्यात किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानातही, पुस्तक चढवलं. किंडलच्या स्वप्रकाशनात मराठी ई-पुस्तक चालतं, खातं तुमच्या नावाचं आणि पैसे तुमच्या बँकेत. तिथल्या 'सिलेक्ट' योजनेत नाव घातलं तर ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, हे वाचून मगच खूण करा. छापील पुस्तकाला ही अट नाही. ई-पुस्तकाला आयएसबीएन घेणार असाल तर तो वेगळा घ्यावा लागतो.

पॅकेज घेणारा प्रत्येक माणूस फसतो असं मात्र मी म्हणणार नाही. निवृत्त गुरुजींना आपल्या आठवणींच्या शंभर प्रती नातवंडांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना द्यायच्या आहेत, छापखान्याच्या पायऱ्या चढायचं बळ नाही, तर पैसे देऊन काम करून घेणं शहाणपणाचंच. पुढची पाच पुस्तकं डोक्यात असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. आणि लेखकाकडून एक रुपयाही न घेता पुस्तक काढणारे प्रकाशक मराठीत आजही आहेत. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. याच मंडळाचे पहिले अध्यक्ष आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. ही दारं आधी ठोठावून बघा.

स्वतः प्रकाशक व्हायचं ठरलं की प्रकाशकाची कामंही अंगावर येतात. संपादन आणि मुद्रितशोधन दोन वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या. पैसे कमी असतील तर मुखपृष्ठ साधं ठेवा, पण इथे हात आखडू नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. विकत घेणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर त्याच्या परवानगीने वहीत उतरवून ठेवा. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मला सगळ्यात जास्त उपयोग या वहीचाच झाला.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी पैसे भरले नाहीत. पंधरा दिवसांनी आम्ही सांगलीतल्या एका छापखान्यात गेलो. मालकांनी कादंबरी हातात तोलली आणि म्हणाले, "सोळा पानांचा एक फर्मा, दोनशे पानं म्हणजे साडेबारा फर्मे. जरा आवळून १९२ वर आणा, बारा फर्म्यांत बसवू." तिथेच बसून त्याने डमीचं, म्हणजे पुस्तकाच्या कोऱ्या नमुन्याचं, चौथं पान पेन्सिलने भरलं. 'प्रकाशक' पुढे त्याने आईचं नाव लिहिलं. मी विचारलं, आयएसबीएनचा अर्ज कोणाच्या नावाने केलास? "माझ्याच." मग इथेही तेच नाव हवं, म्हटलं. त्याने खोडून स्वतःचं नाव घातलं, खाली आटपाडीचा पत्ता लिहिला आणि पुढच्या कोऱ्या पानावर, अर्पणपत्रिकेच्या जागी, आईचं नाव पुन्हा लिहिलं.