१९४२चं प्रत्येक ‘निकेल’ चांदीचं नसतं

अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, म्हणजे तिथलं ‘निकेल’, १९४२ ते १९४५चं असलं की ‘चांदीचं आहे, ठेवून दे’ असं सांगणारे अजून भेटतात. हे अर्धंच खरं. युद्धासाठी निकेल धातू हवा होता, म्हणून ऑक्टोबर १९४२ पासून ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज असा मिश्रधातू आला. त्याआधीची १९४२ची नाणी जुन्याच धातूची.

साल सोडा, नाणं उलटा. मॉन्टिचेलो वाड्याच्या घुमटावर ठळक पी, डी किंवा एस हे टांकसाळीचं अक्षर असेल तरच चांदी. डेन्व्हर टांकसाळीच्या १९४२च्या नाण्यावर डी असतो, पण बारीक, वाड्याच्या उजवीकडे. त्यात चांदी नाही. लोहचुंबक लावून उपयोग नाही, दोन्ही चिकटत नाहीत. रंगावरही जाऊ नका. मँगनीजमुळे खरी चांदीवाली उलट मळकट काळी पडतात.

१९४४चं बिनअक्षरी सापडलं तर हुरळू नका. न्यू जर्सीतल्या एका बनावट नाणी पाडणाऱ्याने ते अक्षरच गाळलं होतं. (तीही जमवणारे आहेत म्हणा!)

आणि चांदी किती? ५ ग्रॅमच्या नाण्यात १.७५ ग्रॅम. झिजलेलं असेल तर भाव साधारण तेवढ्याच चांदीचा.