पिस्टन चिकटलाय की धरलाय? किक न जाणाऱ्या जुन्या गाडीचं नेमकं दुखणं

काकांची येझदी रोडकिंग आमच्या सोलापूरच्या टॉवेलच्या कारखान्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षं उभी होती. मागच्या दिवाळीनंतर ती बाहेर काढली, धुतली, आणि किक मारायला गेलो तर कांडी हलेना. येझदीला गिअरची आणि किकची कांडी एकच असते, आत दाबायची, वर फिरवायची आणि मग पाय द्यायचा, त्यामुळं आधी वाटलं मलाच जमत नसेल, म्हणून काकांना हाक मारली. त्यांनी पाय ठेवला, थोडा भार दिला आणि लगेच काढून घेतला. म्हणाले, "जोर नको लावू बे, इंजिन बसलंय." शेजारचा पोरगा म्हणाला सीझ झालंय, एक गॅरेजवाला फोनवर म्हणाला जाम असेल, दुसरा गाडी न बघताच म्हणाला क्रँकसकट, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्यासकट, सगळं करावं लागेल. मी तोपर्यंत बसलं, जाम, सीझ हे सगळं एकच समजत होतो.

एक नाहीये ते, त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. आणि घरी पहिल्यांदाच जुनी गाडी खोलायला बसलेल्या माणसानं पाना हातात घ्यायच्या आधी समजून घ्यायची गोष्ट कुठली असेल तर ती हीच, कारण दोन्हीचं कारण वेगळं, उपाय वेगळा आणि खर्चात तर जमीन-अस्मानाचा फरक.

विजापूर वेशीकडचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांनी मला दोन सोपे शब्द दिले, तेच इथं वापरतो. पिस्टन 'चिकटतो' आणि पिस्टन 'धरतो'. चिकटतो तो उभ्या गाडीत, धरतो तो पळत्या गाडीत. त्यांचा पहिला प्रश्न पण हाच होता, गाडी कुठली, मॉडेल कुठलं काही नाही, "चालता चालता बंद पडली होती का चांगली लावून ठेवली होती?" काका म्हणाले चांगली चालत होती, मोपेड घेतल्यावर लावली ती लावलीच. मिस्त्री म्हणाले मग चिकटलाय, घाबरू नका.

आता चिकटतो म्हणजे काय होतं ते बघा. सिलिंडर, म्हणजे आपण ज्याला ब्लॉक म्हणतो तो, या जुन्या गाड्यांत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, पण त्याच्यावरच्या रिंगा परत बिडाच्याच. गाडी उभी राहिली की भिंतीवरचा ऑइलचा थर हळूहळू खाली उतरतो, सायलेन्सर तर उघडाच असतो, त्यातून पावसाळ्यातली ओल एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे ब्लॉकमधल्या धूर बाहेर जायच्या वाटेतून, आत जाते, आणि बीड बिडाला लागून गंजतं. रिंग आणि ब्लॉक एकमेकांत रुजल्यासारखे होतात. सोलापूरची हवा कोरडी म्हणून आपण निवांत असतो, पण आमच्या शेडचा पत्रा गळका होता आणि पाणी बरोबर सायलेन्सरच्या बाजूला पडायचं. एवढं पुरतं. यात पिस्टनला बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं.

धरणं म्हणजे खरं सीझ होणं, आणि ते उष्णतेचं काम आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून पिस्टन आणि ब्लॉक यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते आणि तिथं ऑइलचा थर असतो. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत हे ऑइल पेट्रोलमधूनच येतं. ऑइल कमी पडलं, किंवा मिक्श्चर लीन झालं म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, किंवा इंजिन फार तापलं, की पिस्टन फुगतो, फट संपते, आणि पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम भिंतीवर लिंपलं जातं. शेणानं भिंत सारवल्यावर बोटांचे ओढ दिसतात ना, अगदी तसे उभे ओढ ब्लॉकमध्ये उमटतात.

आता खरा घोळ इथं आहे. सगळ्यांना वाटतं जी किक अजिबात जात नाही ती गाडी जास्त बिघडलेली आणि जी किक जाते ती बरी. उलटं असू शकतं! धरलेलं इंजिन थंड झालं की पिस्टन आकसतो आणि बऱ्याच वेळा आपोआप सुटतो, मग किक सहज जाते, उलट जरा जास्तच सहज, कारण लिंपलेल्या अ‍ॅल्युमिनियमखाली रिंगा दबून बसलेल्या असतात आणि कॉम्प्रेशनच राहिलेलं नसतं. आणि आमच्यासारखं बारा वर्षं दगडासारखं बसलेलं इंजिन आतून बऱ्यापैकी निरोगी निघू शकतं.

ओळखायचं कसं? आधी एक खात्री करून घ्या की अडकलाय तो पिस्टनच, किकचं गिअर नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, शेवटच्या गिअरला टाका आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवून बघा. चाक फिरलं आणि प्लगच्या भोकातून फुस्स हवा आली तर इंजिन फिरतंय, भानगड किकच्या बाजूला आहे. फिरलं नाही तर मग आत बघायचं. टू-स्ट्रोकचं एक सुख आहे, हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, न उघडताच पिस्टन दिसतो. सायलेन्सरचे पाइप काढा, येझदीला दोन असतात, आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा. समोर पिस्टनची भिंत किंवा रिंगा दिसतील. तांबूस भुकटी, डाग, पांढरट चुन्यासारखं काही असेल तर चिकटलाय. चकचकीत उभे ओरखडे असतील, धातू सारवल्यासारखा दिसत असेल, तर धरलाय, कुणी काहीही सांगू दे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकला ही सोय नाही, तिथं मध्ये व्हॉल्व्ह असतात, हेड उतरवावं लागतं, आणि कधी कधी पिस्टन मोकळाच असतो, व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून बसलेला असतो.

आमच्या पोर्टमध्ये तांबडं दिसलं. ओरखडा एक नाही. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चिकटलेल्यावर औषध म्हणजे ऑइल आणि दिवस. बाकी काही नाही, खरंच. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली, प्लगच्या भोकातून डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल अर्धं-अर्धं करून सोडलं. पिस्टन खाली असला आणि पोर्ट उघडे असले तर हे सगळं सायलेन्सरच्या बाजूनं वाहून जातं, आमचा नशिबानं वरच्या बाजूला होता म्हणून टिकलं. खालून झिरपलेलं पुसायला कारखान्यातलं वाया गेलेलं सूत, त्यासारखं फडकं दुसरं नाही. मग सायकलचा एक स्पोक भोकातून अलगद पिस्टनवर टेकवला आणि प्लगच्या भोकाच्या काठाशी त्याला टेपची खूण केली. रोज सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मागचं चाक शेवटच्या गिअरमध्ये पुढं-मागं हलवायचं, जोर न करता, आणि खूण बघायची. आठ दिवस काही नाही. रोज थोडं ऑइल कमी झालेलं दिसायचं म्हणजे कुठंतरी मुरत होतं, तेवढ्यावरच धीर धरला. नवव्या दिवशी खूण काठापासून ज्वारीच्या दाण्याएवढी सरकलेली दिसली. मी दोनदा मोजली. काकांना बोलावून दाखवली. त्यानंतर दोन दिवसांत पिस्टन पूर्ण खालीवर व्हायला लागला, पहिल्यांदा प्लगच्या भोकातून जो काळा-तांबडा फेस बाहेर आला त्याचा वास अजून नाकात आहे.

शेवटचाच गिअर का, तर त्यात चाकावरचा जोर इंजिनपर्यंत जास्तीत जास्त पोचतो. पहिल्या गिअरला टाकून चाकाशी झटत बसलात तर नुसती कंबर धरेल. आणि किकवर दोघांनी मिळून उभं राहणं, गाडी उतारावर ढकलून झटक्यात क्लच सोडणं, दुसऱ्या गाडीला दोरी बांधून ओढणं, हे कृपा करून करू नका. किकच्या गिअरचे दात जातात, कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंग तुटून पोर्टमध्ये अडकते आणि मग दोन-चारशे रुपयांच्या ऑइलमध्ये होणारं काम पूर्ण इंजिनवर जातं. क्रँकच्या टोकाच्या नटवर लांब पाइप लावून फिरवणं पण मला पटत नाही, नट तुटला तर नवीन दुखणं.

आता माझी चूक सांगतो, कारण याच चुकीनं चिकटणं आणि धरणं या दोन गोष्टींचं नातं मला कळलं. पिस्टन सुटल्यावर ब्लॉक उतरवून बघायला पाहिजे होता. मिस्त्रींनी सांगितलं होतं. पण गड्डा, म्हणजे सोलापूरची संक्रांतीची जत्रा, तोंडावर आला होता आणि मला संक्रांतीला काकांना मागं बसवून सिद्धरामेश्वरांच्या दर्शनाला न्यायचं होतं. कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले, पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी ऑइल टाकलं, आणि सातव्या-आठव्या किकला गाडी चालू झाली. अख्खा कारखाना बाहेर आला, माग बंद करून. एक गोष्ट मात्र दिसत होती आणि मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही, अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नव्हती. मला वाटलं वा, इंजिन किती फ्री झालंय.

दुसऱ्या दिवशी होटगी रोडला काढली. पाच-सहा किलोमीटर गेलो असेन, गाडी अचानक जड झाली, कुणीतरी मागून ब्रेक दाबल्यासारखी, बारीक किणकिण आवाज आला आणि मागचं चाक घसरायला लागलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. जानेवारीची सकाळ होती, उन्हाला दोष देता येत नाही, ऑइल पण बरोबर होतं.

झालं असं की बारा वर्षांत क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील लाकडासारखे कडक झाले होते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकची पेटी, हवाबंद असावी लागते, कारण मिक्श्चर तिथूनच वर जातं. सील गेला की बाजूनं जादा हवा ओढली जाते, मिक्श्चर लीन होतं, इंजिन तापतं, रेस उतरत नाही, आणि पिस्टन धरतो. पेट्रोलनं पण थोडी भर घातली असणार, आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर, पेट्रोल मापून सोडणाऱ्या त्या बारीक भोकावर, मिक्श्चर आणखी जरा लीनच पडतं. म्हणजे गाडी उभी राहिल्यामुळं आधी चिकटली आणि उभी राहिल्यामुळंच कडक झालेल्या सीलनं नंतर धरली. अर्ध्या तासानं किक अगदी सहज गेली. पण आता मला त्या सहज किकचा अर्थ माहीत होता. चालू केली नाही, टेम्पोत घालून आणली.

ब्लॉक उतरवला तर पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर रुंदीचा सारवलेला पट्टा, वरची रिंग त्यात पुरलेली, नखानं पण हलेना. यावर डिझेल, लाल ऑइल काही चालत नाही. पॉलिश पेपरनं घासून तोच पिस्टन परत घालणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. भिंत एकदा मापून घ्यायची, वर-मध्ये-खाली, आणि दोन दिशांनी, डायल गेजनं. मापात फरक निघाला की बोअर, म्हणजे ब्लॉक आतून कापून थोडा मोठा करायचा. मिस्त्री-लोकांच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस साइज म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलीमीटर मोठा पिस्टन. येझदीचा मूळ बोअर ६५ मिलीमीटरचा, आमचा वीस साइजला साफ झाला, म्हणजे आता साडेपासष्ट. क्रम मात्र चुकवू नका, आधी पिस्टन किट हातात घ्यायचं, ते दुकानात द्यायचं, आणि त्या पिस्टनला मापून बोअर मारून घ्यायचा. आधी बोअर मारून मग पिस्टन शोधत फिरलात तर फट कमी-जास्त होते आणि परत तेच. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा किंचित मोडून घ्यायला सांगा, धारदार राहिल्या तर रिंग तिथं अडकते. रिंग नुसती ब्लॉकमध्ये बसवून टोकांमधली फट फीलर गेजनं बघा, ६५ च्या बोअरला साधारण पाव मिलीमीटर.

आपल्याकडं एक बरं आहे, पॉवरलूममुळं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेली माणसं आहेत, काम समजावून सांगितलं तर मन लावून करतात. सील दोन्ही नवीन घातले, क्रँकची बेअरिंग पण बदलली, गंजाची भुकटी तिथं उतरली होतीच. आता पहिले ५०० किलोमीटर निम्म्या अ‍ॅक्सिलेटरच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. अ‍ॅक्सिलेटर सोडला की रेस पटकन खाली येते. काकांना पुढच्या गड्ड्याला नेणार आहे.

आणि कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला असाल आणि विकणारा म्हणाला "नुसती जाम आहे ओ, ऑइल टाकलं की सुटेल", तर त्याला तो मिस्त्रींचा प्रश्न विचारा, चालता चालता बंद पडली होती का, आणि सोबत सायलेन्सर काढायचा पाना आणि टॉर्च घेऊन जा. दोन नट काढायला पाच मिनिटं लागतात. तो नको म्हणाला तर ती गाडी धरलेली आहे असं समजूनच भाव करा.