रिकामी फोर्कलिफ्ट का कलंडते?

"माल उतरवला की निम्मी भीती संपली," असे अंबडच्या एका गोदामात फोर्कलिफ्टचालकाने मला सांगितले आणि रिकामी गाडी भरधाव वळणावर घातली. ही समजूत नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत अनेकांची आहे. भौतिकशास्त्र मात्र उलट सांगते.

फोर्कलिफ्टला चाके चार दिसत असली, तरी तोलाच्या दृष्टीने ती तिपाईच असते. पुढची दोन चाके सांगाड्याला पक्की जोडलेली असतात. मागची, म्हणजे वळणारी चाके ज्या आसावर असतात, तो आस मात्र मधोमध एका खिळीवर झुलता असतो. पुढची दोन चाके आणि ही खीळ यांचा त्रिकोण होतो, आणि गाडीच्या गुरुत्वमध्यातून जाणारी बलरेषा (वजन आणि वळणावरचा बाहेरचा जोर यांची एकत्रित दिशा) त्या त्रिकोणाच्या आत टेकते तोवरच गाडी उभी राहते.

आता सोयीसाठी पुढच्या चाकांतले अंतर १ मीटर आणि त्यांच्यापासून खिळीपर्यंतचे अंतर १.४ मीटर मानू. माल उचलणाऱ्या पुढच्या काट्यांवर माल असताना गुरुत्वमध्य पुढच्या आसामागे ३० सेंटिमीटरवर आला, तर तेथून त्रिकोणाची कड बाजूला सुमारे ३९ सेंटिमीटरवर असते. माल उतरवताच मालाचा तोल साधण्यासाठी मागे बसवलेले बिडाचे अवजड वजन, म्हणजे काउंटरवेट, गुरुत्वमध्य मागे ओढते. तो ८० सेंटिमीटरवर गेला, तर त्रिकोण तेथे निमुळता असल्यामुळे कड अवघ्या २१ सेंटिमीटरवर उरते. गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर धरली, तर रिकामी गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.३५ पट आडव्या त्वरणाला कलंडू लागेल, आणि काट्यांवर माल खालीच धरलेली गाडी ०.६५ पटीला. ताशी १२ किलोमीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, की हे त्वरण सुमारे ०.३८ पट होते. वेग निम्मा केला, तर ते चौथाई होते.

अर्थात माल उंच धरून वळणे हेही तितकेच घातक, कारण त्याने गुरुत्वमध्यच वर जातो. म्हणून माल जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवूनच गाडी चालवावी. खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर व्हावी, परंतु मास्टला, म्हणजे काटे वर-खाली करणाऱ्या पुढच्या उभ्या चौकटीला, लटकवलेल्या लिंबू-मिरचीने गुरुत्वमध्य केसभरही हलत नाही.

गाडी कलंडू लागली, की चालकाला उडी मारावीशी वाटते. उडी सहसा पडत्या बाजूलाच जाते आणि डोक्यावरच्या लोखंडी छताखाली माणूस चिरडला जातो. आसनावर पट्टा बांधून बसलेला चालक त्या छताच्या आत राहतो. त्याने स्टीअरिंगचे चाक घट्ट धरून पडत्या बाजूच्या उलट झुकावे. अंबडच्या त्या गाडीला पट्टा होता, पण आसनामागे गाठ मारून अडकवलेला.