अक्षांश, रेखांश आणि प्रमाणवेळ (महाराष्ट्रातून बघताना)

पृथ्वीवरची कुठलीही जागा नेमकी सांगायला दोन आकडे पुरतात, विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश ते अक्षांश आणि इंग्लंडमधल्या ग्रिनिचवरून जाणाऱ्या शून्य रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश ते रेखांश. पुणे म्हणजे १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. मोबाईलवर कोणी लोकेशनचे आकडे पाठवले तर पहिला अक्षांश असतो आणि दुसरा रेखांश, हा क्रम पक्का लक्षात ठेवावा, कारण पुण्याचे हेच आकडे उलटे टाकले तर नकाशा आपल्याला थेट नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात नेऊन सोडतो.

दोन्ही आकडे अंशातच असले तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे आणि शाळेत नेमकं हेच नीट सांगितलं जात नाही असं मला वाटतं. अक्षांश ठरवतो सूर्य आकाशात किती वर चढणार, दिवस किती मोठा, ऊन किती सरळ. रेखांश ठरवतो तो कधी वर येणार. म्हणजे ऋतूंचा संबंध मुख्यतः अक्षांशाशी आणि घड्याळाचा रेखांशाशी.

अक्षांशाचं आपल्याकडचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे शून्य सावली दिवस. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि अख्खा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पडतच नाही. कोल्हापूरला हे मेच्या पहिल्या आठवड्यात होतं, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेच्या सुमाराला, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकत जातो तसा हा दिवस गावोगाव पुढे जातो. परतीच्या प्रवासात जुलै-ऑगस्टमध्ये परत येतो पण तेव्हा पावसाचे ढग असतात त्यामुळे बहुतेक वेळा दिसत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे हा दिवस येतच नाही.

आता रेखांश. पृथ्वी २४ तासात ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. एवढा हिशोब डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप सुटतं. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम साधारण आठ अंश पसरलाय, म्हणून गडचिरोलीत सूर्य डोक्यावर आला की मुंबईत यायला अजून जवळपास अर्धा तास असतो. संकष्टीला कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगवेगळ्या छापलेल्या असतात आणि नागपूरचा उपवास मुंबईच्या आधी सुटतो त्याचं मूळ कारण हेच. सूर्योदयात अक्षांशही थोडी ढवळाढवळ करतो, जूनमध्ये नागपूर-मुंबई फरक अर्ध्या तासाच्या आसपास असतो आणि डिसेंबरमध्ये वीसेक मिनिटांवर येतो.

शून्य रेषा ग्रिनिचलाच का, याचं भूगोलात काहीच कारण नाही. विषुववृत्त निसर्गानेच दिलंय, पण शून्य रेखांश कुठूनही काढता येतो. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांनी तो उज्जैनवरून जाणारा धरला होता आणि पंचांगवाले आपल्या गावासाठी त्यात देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशातल्या फरकाची दुरुस्ती, करायचे, मुंबई उज्जैनच्या सुमारे तीन अंश पश्चिमेला म्हणजे १२ मिनिटं मागे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि ग्रिनिच ठरलं, कारण तोवर जगातली बरीचशी जहाजं ब्रिटिश नकाशे वापरत होती. फ्रान्स त्या मतदानात तटस्थ राहिला आणि १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवत होता.

प्रमाणवेळ, म्हणजे सगळ्या देशाला एकच वेळ, येईपर्यंत आपल्याकडे प्रत्येक मोठं शहर आपापल्या सूर्याप्रमाणे चालायचं. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं, आणि रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावायची म्हणजे स्टेशनातलं घड्याळ एक सांगणार आणि शहरातलं दुसरं. यावर उपाय म्हणून १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व ही रेषा धरून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती रेषा उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते, देशाच्या जवळजवळ मधोमध येते आणि ग्रिनिचपासून बरोबर साडेपाच तासांवर पडते.

मुंबईला हे अजिबात पटलं नाही. नवी वेळ जुन्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती म्हणजे घड्याळात सहा वाजले तरी सूर्याच्या हिशोबाने अजून सव्वापाच-साडेपाचच झालेले, मग कामगाराला पाळीसाठी तेवढं आधी अंधारात उठावं लागणार आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. जानेवारी १९०६ मध्येच गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम थांबवलं, गिरणीच्या घड्याळावर दगड पडले. त्या काळात वंगभंगाचा, म्हणजे बंगालच्या फाळणीचा, राग ताजा होता, त्यामुळे सरकारने वरून लादलेली वेळ हा राजकीय मुद्दा झाला. महापालिकेने आपल्या घड्याळांसाठी जुनीच वेळ ठेवली आणि मग कितीतरी वर्षं शहरात दोन वेळा नांदल्या, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांची एक आणि महापालिकेची दुसरी, त्यामुळे कुठलीही वेळ सांगताना स्टॅंडर्ड की बॉम्बे टाईम हे सांगावं लागायचं. बॉम्बे टाईम स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. या लोकांना आडमुठे म्हणून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं, कारण सूर्य त्यांच्याच बाजूने होता.

ती ३९ मिनिटं आजही गेलेली नाहीत. मुंबईत खरा मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, सरासरी १२:३९ ला होतो, आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ असल्यामुळे व आस कललेला असल्यामुळे तो वर्षभर मागेपुढे होतो, फेब्रुवारीच्या मध्यात १२:५३ पर्यंत जातो तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ लाच येतो. शून्य सावली बघायला बरोबर बाराला काठी घेऊन गच्चीवर गेलं तर सावली दिसणारच. जुन्या पत्रिका बघतानाही हे सांभाळावं लागतं, जन्मवेळ स्थानिक लिहिलीय की स्टॅंडर्ड, आणि १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ मधला जन्म असेल तर युद्धामुळे तेव्हा देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे होती तो तासही वजा करावा लागतो.

एक देश एक वेळ याचा खरा त्रास ईशान्येला होतो. गुजरातच्या टोकापासून अरुणाचलपर्यंत सुमारे २९ अंश म्हणजे जवळपास दोन तासांचा फरक, उन्हाळ्यात तिथे चार-साडेचारलाच उजाडतं, म्हणून आसामच्या चहामळ्यांमध्ये घड्याळ एक तास पुढे ठेवायची पद्धत ब्रिटिश काळापासून आहे. चीन तर आपल्याहून कितीतरी रुंद असूनही सगळीकडे बीजिंगचीच वेळ लावतो. उलट नेपाळने आपल्यापेक्षा फक्त १५ मिनिटं पुढची वेगळी वेळ ठेवलीय.

ग्रिनिचच्या बरोबर उलट बाजूला, १८० अंशांच्या आसपास तारीख बदलायची रेषा आहे आणि ती देशांच्या सोयीने वाकडीतिकडी आहे. सामोआने २०११ मध्ये व्यापारासाठी ती रेषा ओलांडली तेव्हा ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. आणि अमेरिकेतल्या नातेवाईकांना फोन करणाऱ्यांसाठी, न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे सरकली की नोव्हेंबरपर्यंत साडेनऊ तास मागे.