मुंबई उपनगर जिल्हा : रोजगार, उत्पन्न आणि दारिद्र्य

मुंबई उपनगर जिल्ह्यातील रहिवाशांची कामे, त्यांची मिळकत आणि त्यांच्यातील गरिबी यांविषयीची ही नोंद. पश्चिमेला वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, पूर्वेला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि खाडीच्या अंगाला चेंबूर, मानखुर्द, ट्रॉम्बेपर्यंत हा जिल्हा पसरला आहे. क्षेत्रफळ ४४६ चौ. किमी. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके. याच नावाचा जिल्हा १९२० साली साष्टी बेटाचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यापासून वेगळा काढून एकदा केला गेला होता. सध्याचा जिल्हा १९९० साली बृहन्मुंबई जिल्ह्याच्या विभाजनातून निघाला. मुख्यालय वांद्रे पूर्वेला. येथे खेडे म्हणून नोंदलेले एकही गाव नाही, त्यामुळे जिल्हा परिषद नाही. जिल्हाधिकारी आहेत, पण पाणी, रस्ते, दवाखाने महापालिकेकडे.

‘उपनगर’ हा शब्द ऐकून झाडीतले बंगले डोळ्यांपुढे येत असतील, तर ते चित्र पुसून टाकावे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. देशातल्या जिल्ह्यांत हा पाचवा. त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात ३०,८५,४११ लोक होते. म्हणजे मुंबईकर म्हणवणाऱ्या चारांतले तीन उपनगरात राहतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ७.५७ टक्क्यांनी घटली, उपनगराची ८.२९ टक्क्यांनी वाढली. चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसे ही घनता आणि ८९.९१ टक्के साक्षरता. साक्षरतेच्या या आकड्यावरून कुणी सुबत्तेचा अंदाज बांधू नये. येथे वाचता-लिहिता येणारी गरिबी मोठी आहे.

उत्पन्नाची सरकारी आकडेवारी पाहू गेल्यास पहिल्याच पायरीवर अडखळायला होते. राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालात जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न छापले जाते, त्यात शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे ‘मुंबई’ या एकाच ओळीत येतात. ही ओळ तक्त्याच्या वरच्या टोकाला असते. शिवाय हा आकडा जिल्ह्यात किती उत्पादन झाले यावरून काढलेला असतो. कुणाच्या घरात किती आले, हे त्यातून कळत नाही. बँकेच्या मुख्यालयाची कमाई आणि गोवंडीतल्या खोलीची कमाई एकत्र करून डोकी मोजून भागली, तर गोवंडीकरही कागदावर सुखवस्तू होतो.

या जिल्ह्यात गरीब माणूस सहसा रिकामा बसलेला नसतो. कामाला तो पहाटेच निघतो, घरातली दोन-तीन माणसे कमावती असतात, तरी हाती उरत नाही. हे असे का झाले, ते समजण्यासाठी कारखान्यांकडे वळावे लागते. कापडगिरण्यांचे गिरणगाव शहर जिल्ह्यात. उपनगरात आली ती इंजिनियरिंग, रसायन आणि औषधांची कारखानदारी. १९५० आणि १९५७ साली महापालिकेची हद्द टप्प्याटप्प्याने दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत भोंगे वाजू लागले. विक्रोळीत गोदरेज, कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कांदिवलीत महिंद्र, गोरेगावात नायलॉनचे धागे काढणारी निर्लॉन, ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने. या कारखान्यांत ‘कायम’ झालेल्या कामगाराला पगारापलीकडे प्रॉव्हिडंट फंड, दिवाळीचा बोनस, कॅन्टीनचे जेवण आणि सोसायटीचे कर्ज मिळे. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या दहावी नापास मुलाने भांडुपच्या चाळीत खोली घ्यावी आणि त्याच्या मुलीने पदवीधर व्हावे, हा प्रवास याच नोकरीच्या जोरावर होत असे.

ऐंशीच्या दशकापासून हे फिरले. काही धंदे स्पर्धेत मागे पडले, काही संपांत अडकले. पण मोठे कारण असे की कारखान्याखालची जमीन कारखान्यापेक्षा महाग झाली. ज्या कुर्ल्यातून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी बाहेर पडायची, तेथे आज निवासी आणि व्यापारी संकुल उभे आहे. निर्लॉनच्या आवारात माहिती तंत्रज्ञानाचे पार्क आहे. गेटवर रखवालदार पूर्वीही असायचा. फरक एवढाच, की तो कंपनीचा कायम नोकर असे आणि आजचा एजन्सीचा असतो, बारा तासांच्या पाळीवर. जेथे आठवी-दहावी झालेल्याला यंत्रावर जागा मिळे, तेथे आता एका टोकाला इंग्रजी बोलणारा पदवीधर लागतो आणि दुसऱ्या टोकाला लादी पुसणारा. मधल्या पायऱ्याच निघून गेल्या.

वरच्या टोकाची कामे खरी आहेत आणि भरपूर आहेत, हेही नोंदवले पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या विकासासाठी १९७७ साली एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. मिठी नदीकाठच्या त्या दलदलीवर आज राष्ट्रीय शेअर बाजार, बँका आणि हिरे बाजार आहेत. अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ पासून चालू आहे. आधी इलेक्ट्रॉनिक्स, पुढे दागिने. विमानतळ, गोरेगावची चित्रनगरी, मालाडची कॉल सेंटरे, पवईची आयआयटी आणि भोवतालच्या नवउद्योगांची कार्यालये यांतून पगारदार मध्यमवर्ग उभा राहिला. या प्रत्येक पगाराच्या मागे मात्र स्वयंपाकाची बाई, ड्रायव्हर, सिक्युरिटी, डिलिव्हरीवाला आणि इस्त्रीवाला अशी हातावर पोट असलेल्यांची रांग आहे.

रिक्षाचा धंदा तर या जिल्ह्याचा खास म्हणावा असा. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी आहे, त्यामुळे रिक्षा कुठवर दिसते त्यावरून उपनगराची हद्द ओळखता येते. परमिट आणि गाडी एकाची, चालवणारे अनेकदा दुसरेच. चालक ‘शिफ्ट’वर गाडी घेतो. मालकाचे भाडे रोज ठरलेले, धंदा होवो न होवो. सीएनजीच्या रांगेतला वेळ चालकाचा, गॅसचे पैसे चालकाचे, हवालदाराने चलान फाडले तर तेही बहुधा चालकाचेच. पहिले काही तास मालकासाठी, मग गॅससाठी आणि नंतरचे घरासाठी, असा दिवसाचा हिशेब. कुर्ला स्टेशनबाहेर सकाळी नऊला बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, शेअर रिक्षांची रांग लागते. मागच्या सीटवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तिघे आणि पुढे हँडलवर चालक, असे जिल्ह्याचे दोन्ही थर दहा-पंधरा मिनिटे एकाच पत्र्याखाली बसतात. पावसाळ्यात मिठी भरली, की दोघांचाही दिवस बुडतो. कमाई मात्र फक्त चालकाची जाते.

साकीनाका, खैरानी रोड, बैंगनवाडी या भागांत उत्पादन अजून चालू आहे, पण ते गाळ्यात शिरले आहे. दहा बाय पंधराच्या गाळ्यात प्रेस, मोल्डिंग, चामड्याच्या पिशव्या, जरीकाम. जरीच्या ‘कारखान्यात’ लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती पोरे मांडी घालून बसतात आणि रात्री त्याच जागी चौकट भिंतीला लावून झोपतात. मजुरी नगावर. हेच काम पुढे गल्लीतल्या बायकांकडे जाते: धागा कटिंग, मणी ओवणे, क्लिपा पुठ्ठ्याला लावणे. दर डझनावर किंवा ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर. माल आणून देणारी मध्यस्थ बहुधा शेजारीणच असल्याने दरावरून भांडणेही होत नाहीत. गणनेसाठी आलेल्या माणसाला ही बाई ‘मी घरीच असते’ असे सांगते आणि कामगारांच्या आकड्यातून गळते. उपनगरातल्या बायकांच्या कामाचे कमी दिसणारे प्रमाण वाचताना हे लक्षात ठेवावे. घरकामगार महिलांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी चार घरची भांडी-लादी करणारीचा पगार आजही खाड्यांच्या हिशेबावर आणि बाईसाहेबांच्या मर्जीवर ठरतो.

जिल्ह्यातल्या गरिबीचा सर्वांत दाट पट्टा महापालिकेच्या एम पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्दमध्ये आहे. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्या विभागांच्या तळाशी होता. देवनारची कचराभूमी १९२७ पासून येथेच आहे आणि कत्तलखानाही येथेच. शहराला नको असलेले जे जे ते इकडे टाकले गेले, त्यात माणसेही आली: रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांच्यातल्या अनेकांना लल्लूभाई कंपाउंड, वाशीनाका, माहुल अशा वसाहतींत इमारती मिळाल्या. घर पक्के झाले, काम मात्र जुन्या वस्तीजवळच राहिले. धुणीभांडी करणारीला पायी दहा मिनिटांवर असलेली चार घरे सुटली. नव्या जागेहून बस आणि लोकल धरून तेथे जाणे परवडेना. देवनारच्या डोंगरावर प्लॅस्टिक, काच, लोखंड वेचून भंगारवाल्याला घालणाऱ्यांचे पोट त्या कचऱ्यावर होते. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली, पहारा कडक झाला आणि शहराचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जाऊ लागला. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच, पण वेचणाऱ्यांच्या रोजीचा विचार त्या निर्णयात फारसा नव्हता.

गरीब कोणाला म्हणावे, याचे उत्तर या जिल्ह्यात खिडकीगणिक बदलते. गरिबी मोजण्यासाठी केंद्राने नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरी महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा माणशी महिना १,१२६ रुपये धरली गेली आणि राज्याच्या शहरी भागात ९.१२ टक्के लोक गरीब ठरले. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, बृहन्मुंबईतले ४१.८ टक्के लोक, म्हणजे ५२ लाखांहून अधिक, झोपडपट्टीत राहत होते. झोपडीत राहणारा प्रत्येक जण गरीब नसतो हे खरे, तरी या दोन आकड्यांमधली दरी नुसत्या त्या वाक्याने भरून निघत नाही. शिधापत्रिकेवर अन्नसुरक्षेचे धान्य हवे असेल, तर शहरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत लागते. महिन्याला पाच हजारांहूनही कमी, तेही सगळ्या घराचे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २०२४ पासून महिना १,५०० रुपये मिळतात, तेथे मर्यादा अडीच लाखांची. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीत मुंबई महानगरात सहा लाखांपर्यंतचे कुटुंब ‘अत्यल्प उत्पन्न गटा’त बसते. आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्के आरक्षणासाठी आठ लाख. म्हणजे महिना चाळीस हजार घरात येणारा क्लार्क वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात अत्यल्प उत्पन्नाचा असतो आणि रेशन दुकानाच्या हिशेबाने कधीच श्रीमंत झालेला असतो.  घराच्या किमती पाहता सहा लाख खरोखरच अत्यल्प आहेत. चुकते ते ५९ हजारांचे. त्या मर्यादेत प्रामाणिकपणे बसणारे कुटुंब उपनगरात भाडे भरून जगू शकत नाही, म्हणून खोटा दाखला किंवा रिकामी पिशवी, असा पर्याय उरतो. शिफ्टवर रिक्षा चालवणाऱ्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार? तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो स्वयंघोषणापत्रावर आकडा लिहितो. आकडा कोणता, हे योजना कोणती त्यावर ठरते.

मिळकतीचा दुसरा अर्धा भाग घरात दडलेला आहे. झोपडीवर पोटमाळा काढून तो चार पोरांना भाड्याने देणे, हे कित्येक विधवांचे पेन्शन आहे. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असलेल्याला झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळते, तर त्यानंतरच्या पण २०११ पूर्वीच्या झोपडीधारकाला अडीच लाख भरावे लागतात. पोटमाळ्यावरच्या भाडेकरूला काहीच नाही. इमारत झाली, की पोटमाळा जातो, दारासमोरचा वडापावचा ठेला जातो आणि लिफ्टचे बिल, मेंटेनन्स सुरू होतो. भिशी आणि पतपेढीवर चालणाऱ्या घराला दरमहा ठरल्या तारखेला पैसे काढणे जड जाते. मालमत्ता लाखांची आणि गल्ला रिकामा, अशी ही गरिबी कोणत्याच रेषेत मावत नाही.

या सगळ्यांच्या आधीपासून येथे असलेले वेसावे, मढ, मनोरी, ट्रॉम्बे येथील कोळी आणि आरे, बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवरचे वारली हेही याच जिल्ह्याचे रहिवासी. कोळणी अजून टोपली घेऊन बाजारात बसतात, पण किनाऱ्याजवळची मासळी आटली आहे. पाड्यांवरच्या बायका भाजी विकायला गोरेगाव, बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर येतात.

२०२० च्या टाळेबंदीने कोणाची शिल्लक किती दिवसांची आहे, ते उघड केले. तीन आठवडे होतात न होतात तोच, १४ एप्रिलला, वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी जमली. पुढे कुर्ल्याच्या टर्मिनसवरून श्रमिक गाड्या सुटल्या. गेलेल्यांतले पुष्कळ परतले, कारण गावी तेवढेही काम नव्हते.

याखेरीज एक स्थलांतर कायमचे आणि बिनबोभाट चालू आहे. भांडुप, जोगेश्वरी, कांदिवलीच्या चाळीतली खोली विकून किंवा भाडे न झेपल्याने मराठी कुटुंबे विरार, नालासोपारा, बदलापूरला जातात. खोली मोठी मिळते, नोकरी मात्र अंधेरीतलीच राहते. पहाटे ४ वाजता डबा भरणारी बाई आता जनगणनेत पालघर किंवा ठाणे जिल्ह्याची रहिवासी ठरते. तिचा घाम उपनगराच्या उत्पादनात मोजला जातो आणि तिची तंगी शेजारच्या जिल्ह्याच्या खात्यावर जाते.